डावीकडची फळी

२ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा ठोकली! शीड उतरवून बोट सरळ ट्रेलरवर आणत होतो, तर डाव्या चाकावरचा पत्रा मधे आला. प्रभाकर दोर धरून गुडघाभर पाण्यात उभा. "काहून बे, ट्रेलर का आज नवा आला?" भोपाळच्या अख्ख्या बड्या तलावाला ऐकू जाईल असा ओरडला. बोट दोघांची, पण सुकाणू पहिल्यापासून माझं. आता म्हणतो, अजून एकदा ठोकलीस तर सुकाणू माझ्याकडे. नागपूरकराच्या हाती सुकाणू! त्यापेक्षा पोहायला शिकेन.

दोष ट्रेलरचा आहे. पाण्यात गेला की त्याच्या कडा कळत नाहीत. दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करायच्या, की बोट आपोआप मधोमध बसेल.

४ नोव्हेंबर
फळ्यांचे तयार ब्रॅकेट आले. सुंदर आहेत. फक्त बसत नाहीत! ते चौकोनी पाइपासाठी, आमच्या ट्रेलरला एका बाजूने उघडं चॅनेल. जन्मभर कारखान्यात फॅब्रिकेशन केलं, आता ब्रॅकेटपुढे हात टेकू? रीतसर ड्रॉइंग काढलं. खाली सही केली. 'तपासले'च्या जागीही मीच.

६ नोव्हेंबर
ब्रॅकेटची एक बाजू कापली, मागे जाड पट्टी वेल्ड करवली, यू-बोल्टने चॅनेलला आवळायची सोय केली. भोकं लांबट ठेवली — फळी आत-बाहेर सरकवता यावी म्हणून. मंडीदीपचा वेल्डर म्हणाला, "साब, इस पे हाथी चढ़ेगा क्या?" म्हटलं, नहीं, हमारा पार्टनर.

जेवताना शोभा फुगली. कोशिंबिरीला हात लावला नाही म्हणे. वाढलीस कुठे, म्हटलं. आणखी फुगली. बायकोच्या रागाला ड्रॉइंग नसतं.

९ नोव्हेंबर, रविवार
फळ्या पहिल्यांदा पाण्यात. उजवी कोरी करकरीत. डावी खरवडून निघाली! बोटीचा रंगही गेला. प्रभाकर ओरडला नाही, तेच जास्त लागलं. ही चाचणी होती, धरायची नाही, असं मी ठणकावून सांगितलं. "बरं. पुढच्या रविवारी शेवटचं," म्हणाला.

१० नोव्हेंबर
डावा ब्रॅकेट बोटभर बाहेर सरकवला. ड्रॉइंगवर लिहिलं — सुधारणा अ.

१२ नोव्हेंबर
टेप, गुण्या, पाणसळ — सगळं लावून झालं. ट्रेलर सरळ. बोट सरळ. म्हणजे वारा! वाऱ्याला काही ड्रॉइंग दाखवता येत नाही. डावा ब्रॅकेट अजून बाहेर. सुधारणा ब. आता तिथून म्हैससुद्धा जाईल.

१६ नोव्हेंबर, रविवार
म्हैस गेली असती. बोट गेली नाही. डावी फळी मधोमध तडकली.

प्रभाकर फळीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "चाल, चहा घेऊ." सुकाणूचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. हरल्यावर गप्प बसायची कला मला चांगली येते.

१७ नोव्हेंबर
दुपारी शोभाचा बांध फुटला. "अहो, रोज डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं वाढते आणि रोज तसंच उचलते. माझ्या हातचं नकोसं झालंय का?"

देवाशपथ सांगितलं, ताटात यातलं काही नाही. भाजी, पोळी, बस.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ताट धरून अर्धं फिरवलं. कोशिंबीर आली! चटणी आली, लोणचं आलं.

"आणि भाजी कुठे नेलीस?" मी विचारलं.

शोभाने फोन उचलला. संध्याकाळची डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली, आणि स्कूटरची किल्ली पदराला बांधली.

१९ नोव्हेंबर
स्कॅन झाला. मेंदूत उजवीकडे एक झटका केव्हाच येऊन गेलाय. डावीकडचं मला दिसत नाही, आणि दिसत नाही हे कळतही नाही. परत येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. ब्रॅकेट पहिल्या दिवसापासून बरोबर होता! भीती वाटते.

प्रभाकरला फोन केला. म्हटलं, घे बाबा, सुकाणू तुझं.

"मले नाई पायजे," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.