गॅसच्या ज्वाळेला नमस्कार

पोर्ट हारकोर्ट, नायजेरिया
१२ ऑगस्ट २००४

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, जेवण पोटभर मिळतं. अप्पांचा खोकला थांबला का? आपल्या कमरीपेठेत गॅसचा सिलिंडर वेळेवर येतो ना?

इथे तेलाबरोबर निघणारा गॅस रात्रंदिवस जाळून टाकतात. सरकार गॅसचा विक्रीदर वाढवेना, म्हणून तेल कंपनी गावात गॅसचे पाइप टाकेना. आमची स्वयंपाकीण ग्रेस घरी लाकडांवरच रांधते.

पहिल्या संध्याकाळी ती ज्वाळा दिसली आणि दिवेलागणीच्या सवयीनं माझे हात जोडले गेले. ग्रेस बघत होती. म्हणाली, "याच ज्वाळेच्या धुरानं माझी लेक खोकून खोकून गेली. तुम्ही या आगीच्या पाया पडता?"

तेव्हापासून माझे हात जुळतच नाहीत. तुळशीपुढे दिवा लावशील तेव्हा माझ्या वाटचा नमस्कार तूच कर.

तुझा,
संदीप