खुरपं अडकते

शेंदूरजनाघाट,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९३६

शालिकदादाले तुह्या बहिणीचा, माणिकचा नमस्कार.

अक्षरं मले तुनंच शिकवली, म्हणून माह्या गाण्यांची वही पयले तुलेच अमरावतीले पाठवली होती. "यात नुसती भाजी आणि तण आहे, काव्य कुठे आहे?" असं लिहून तुनं ते वापस केली. दोन वर्सं मी वही उघडली नाही.

मंग एक दिवस वांग्याच्या निंदणात बायाइले त्यातलंच गाणं म्हणून दाखवलं. गोदाबाई म्हणे, "माणिक, तिसरी ओळ लंबी हाय. खुरपं अडकते." तिचा मले राग नाही आला. ओळ कापून लहान केली, अन् साऱ्या बाया गात गात वावराच्या धुऱ्यापर्यंत गेल्या.

परवा वांगी घेऊन तुह्या घरी आली, तं वयनी पोळ्या लाटता लाटता तेच गाणं म्हणून रायली होती. भाजीवालीपासून शिकली म्हणे. तू ओसरीवरून म्हणाला, "गाणं असं असावं, माणिक. कोणत्या बाईनं केलं असंल?"

मी सांगणारच होती. तेवढ्यात तू सोताच गुणगुणाले लागला, अन् तिसरी ओळ पयले होती तशी लंबीच म्हटली. ते लंबी ओळ आता कोणीच म्हणत नाही, दादा. ते फक्त त्या वहीत हाय.

म्हणजे तुले ठाऊक होतं. इतकी वर्सं पाठ होतं.

तुनं तोंडानं कबूल नाही केलं, मंग मीही हे पत्र टपालात टाकत नाही. पण ते ओळ कापूनच म्हणत जाय. खुरपं अडकते.

तुही,
माणिक