सादळलेली भाकरी

आप्पा, काल डॉक्टरांनी मला तुमच्याबद्दल विचारलं. गोळ्या वाढवूनही माझा रक्तदाब उतरत नाही, झोप नाही, पोटात कायम आग. तपासण्यांचे कागद बाजूला सारून त्या म्हणाल्या, "लहानपणी घरात कशाची भीती वाटायची?" भरल्या सभेत कधी न अडखळणारी मी अडखळले. मग म्हणाले, "भाकरीची."

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली आपली खोली. तुम्ही गिरणीतून येता, हातपाय धुता, ताटावर बसता आणि कडक भाकरीच्या कडेवर अंगठा दाबता. कट्‌कन मोडली तर आम्ही सगळे जेवणार. पावसाळी हवेत ती सादळायची, अंगठ्याखाली नुसती वाकायची. "ही भाकरी हाय का चिंधी?" एवढं विचारून तुम्ही उठायचात. ताट भिंतीवर, मग आई. दाराआड मी श्वास धरून त्या मोडण्याच्या आवाजाची वाट बघायची. नंतर सांडलेली शेंगाचटणी गोळा करत आई म्हणायची, "दमून येत्यात गं. मीच अजून शेकायला पायजे हुती." दोष हवेचा, भाकरीचा, तिचा. तुमचा कधीच नाही.

आता मी सभांमध्ये व्यासपीठावरून ओरडून सांगते, की लेकरू मार विसरलं तरी त्याचं शरीर विसरत नाही. ते म्हातारपणापर्यंत दाराआड उभं राहतं. टाळ्या पडतात. काल डॉक्टर म्हणाल्या, यातून बरं होता येतं, पण वेळ लागेल, बोलावं लागेल. मी मान डोलावली आणि जुळे सोलापूरच्या माझ्या फ्लॅटवर आले.

लेक तव्यावर भाकऱ्या पुन्हा शेकत होती. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही. पण माझ्या चपलांचा आवाज येताच तिनं भाकरीवर अंगठा दाबला, श्वास धरून. भाकरी वाकली.

"थांब आई, दुसरी देते की. ही सादळलीय जरा. ओरडू नकोस लगेच."

"तीच दे," मी म्हणाले. शक्य तितक्या हळू.

ती मऊ भाकरी मी आमटीबरोबर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. तोवर लेकीची नजर माझ्या हातावरून हलली नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि लेकीच्या हाती द्यायचं धाडस नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना अभिमानानं सांगेन, सादळलेली भाकरी खाल्ली म्हणून. खाण्याआधी मीही अंगठा दाबून पाहिला होता, हे फक्त तुम्हाला सांगते.