बटरवर्टची तीन पानं

प्रिय कीर्ती,

अक्षर ओळखलंस ना? शाळा चौथीपर्यंतची, बाकीचं मासळीबाजारात बसून मासे बांधायच्या वर्तमानपत्रांवरून शिकलेलं, तेव्हा सांभाळून घे. तू देवेशचं आणि माझं हे पनवेलचं घर सोडलंस त्याला दीड वर्ष होऊन गेलं. गॅलरीतलं तुझं ते चिलटं खाणारं बटरवर्ट मात्र इथंच राहिलं. त्याच्याबद्दलच लिहायला बसलेय.

आधी कबूल करते, रागावू नकोस. ते झाड मी मारलं. तू गेल्यावर ते मलूल दिसायला लागलं आणि मला वाटलं, लेकरू उपाशी आहे. मग कढीपत्त्याला घालते तसं त्यालाही बोंबील धुतलेलं पाणी घातलं. रोज. त्या पाण्यावर माझा गुलाब कसा माजलाय, तुला ठाऊक आहे. पण आठ दिवसांत ह्याची मधली पानं काळी पडली. समोरच्या हेतलने मोबाईलवर वाचून सांगितलं, की ह्याला खत चालत नाही, नळाचं पाणीसुद्धा सोसत नाही. वर म्हणाली, काकी, तुम्ही त्याला मायेनं मारलंत.

कडेची पाच पानं तेवढी धड होती. पानातूनही नवं रोप फुटतं, हेही तिनंच वाचून सांगितलं. पहिली दोन मी मेथी खुडावी तशी खुडली. बूड झाडालाच राहिलं आणि दोन्ही कुजली. मग कळलं, पान बुडातून, पांढऱ्या टोकासकट अलगद सुटावं लागतं. उरलेली तीन तशी सोडवली, ओल्या शेवाळावर निजवली, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण लावलं. पाणी हेतलच्या एसीतून ठिबकणारं. मी बादली घेऊन गेले की ती हसायची, काकी, आता एसी तुमच्यासाठीच लावते!

दुपारभर मी त्या डब्यापाशी बसून राहायचे. झाकणाला आतून दव धरायचं, त्यातलं ऊन हिरवं होऊन माझ्या पदरावर उतरायचं. डोळा लागला की वाटायचं, तू आत कपडे घड्या घालत गुणगुणते आहेस. कधी माझ्या माहेरची करंजाची खाडी दिसायची, भरतीचं पाणी निवांत चढताना. पाचव्या आठवड्यात एका पानाच्या बुडाशी मोहरीएवढं काही फुगलं. चष्मा लावून पाहिलं, तर इवलं झाड! पुढे पान सुकलं, पोर मात्र वाढत राहिलं; मागोमाग दुसऱ्या दोन पानांनाही पोरं धरली.

कीर्ती, त्या दिवशी तू बॅग घेऊन दारात थांबलीस. मी बोंबील साफ करत होते, मान वर केली नाही. तुझं आणि माझ्या लेकाचं जमत नाही, हे मला तुझ्याही आधी दिसलं होतं. तरी, जा बाय, सुखी राहा, एवढं म्हणायला तोंड उघडलं नाही. तुझ्या चपला उंबऱ्यावरून हलेपर्यंतचा तो वेळ माझ्यापुरता अजून सरलेला नाही.

परवा तुझा देवेशला मेसेज आला, की कोर्टाचे कागद मिळाले, जमलं तर माझं झाड तेवढं द्या. तो म्हणाला, मेलं म्हणून कळवतो. मी म्हटलं, तू थांब, मी लिहिते. रविवारी सकाळी अकराला पनवेल एसटी स्टँडवर डबा घेऊन उभी राहीन. तिघांतलं मोठं तुझं, त्याला जांभळी कळी आलीय. माझं तोंड बघवणार नसेल तर डबा हेतल देईल, मी लांब थांबेन. पण माझ्यापाशी आलीस, तर त्या दिवशी खाली राहिलेली मान मला वर करू दे.

तुझीच,
सुमती
(आई म्हणायची सवय मोडली असेल, तर काकी म्हण. चालेल.)