छाटलेली बिडी

निपाणी, पौष वद्य द्वितीया, शके १८६८

वर्गात पोरं ठेक्यात कविता म्हणायची, तो गजर आज पुन्हा कानात घुमला. बिड्या वळणारी गंगाक्का बायकांना घेऊन ओसरीवर आलेली, सगळ्या एका सुरात बोलत होत्या.

खराब म्हणून छाटलेल्या बिडीची मजुरी मालक देत नाही, पण तीच बिडी विकतो. हा कुठला न्याय?

गंगाक्का म्हणाली, "मास्तर, इकायला बिडी चांगली, पैसं देताना वाईट व्हय? उद्या छाटलेली बिडी त्येच्यासमोरच मोडणार. कामावरनं काडलं तर काडू द्या."

मीही जाणार. या वयात भ्यायचं कशाला?

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. बाहेर मालकाची आई!

"मीबी बिड्याच वळून त्येला वाढीवला, मास्तर. उद्या पयली बिडी मी मोडतो."