गच्चीवरचा खांब

आई, गच्चीवर झेंड्यासाठी खांब बसवून घेतला. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुला सांगायला मी हे निवडलं. पण दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

बांबू उन्हाने तडकतो, लोखंड गंजतं, म्हणून स्टीलचा पाइप घ्यायचं ठरवलं. तुझी सून दुकानात म्हणाली, आपल्या गच्चीला बेताचा पुरे. मी समोरच्या बंगल्यावरचा खांब मनात धरून त्याहून उंच मागितला. तेव्हा कुर्डुवाडीच्या क्वार्टरमधला पाडवा आठवायला हवा होता. गुढीची काठी तू तळहाताने चाचपून निवडायचीस, कूस लागत नाही ना बघायचीस, मग तेलाचा हात फिरवायचीस. एका पाडव्याला मी तिला दुसरी काठी जोडून आपली गुढी शेजारच्यांच्या वर नेली. चारचौघांत तू काही बोलली नाहीस. मला स्वयंपाकघरात बोलावतेस, हात कणकेने भरलेले आहेत. "वर जाऊन कुणाकडं खाली बघायचं हाय तुला?" एवढंच विचारतेस. मी मुकाट जाऊन जोडलेली काठी सोडतो.

खांब उभा राहिला, झेंडा चढला, गल्लीतल्यांनी फोटो काढले. आता नियमाने तिरंगा रात्रीही ठेवता येतो, म्हणून मी तो उतरवत नव्हतो. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळनंतर वारा कसा सुटतो, तुला माहीत आहे. दोरी सैल राहिली होती. ती रात्रभर पोकळ पाइपावर आपटायची.

भिंतीपलीकडच्या काकू, तुझ्या आजारपणात रोज पेज घेऊन यायच्या त्या, खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर आहेत. त्यांची खोली आपल्या गच्चीला लागून आहे. मी बऱ्याच दिवसांनी भेटायला गेलो, तर त्यांच्या कानांत कापूस. कान दुखतात का विचारलं. आधी त्यांनी विषय टाळला, मग हळूच म्हणाल्या, "तुझी दोरी वाजती रं रातभर. डोळ्याला डोळा लागंना." आधी का नाही सांगितलं म्हटल्यावर हसल्या. "झेंडा हाय न्हवं. त्याला बोललं तर लोक मलाच नावं ठिवतील की." आपली टाकी वाहिली तर याच काकू गल्लीभर ऐकू जाईल असं मला झापायच्या. या वेळी कापूस घालून पडून राहिल्या.

घरी येऊन दोरी ताणून बांधली. आवाज थांबला. मला काही कळलंच नव्हतं, असं मी काकूंना सांगितलं आणि त्यांनी ते लगेच मानलं. जाऊ दे, म्हणाल्या, तुला तरी काय ठाऊक.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितो. आवाज मला पहिल्या रात्रीपासून येत होता. अंथरुणात पडून मी तो ऐकायचो. आपला खांब वाजतोय, सगळ्या गल्लीला ऐकू जातोय, असं वाटायचं आणि मला छान झोप लागायची.