वॉर्डेल पॅसिफिकच्या कागदावरचा शिक्का

४ एप्रिल, सकाळी ६.५०

ठरलं. ऑर्विल सप्टेंबरपर्यंत या घरातून बाहेर.

लिहूनसुद्धा बरं वाटलं. ऑर्विल म्हणजे माझे सासरे, वय सत्त्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ‘जरा चालता येईपर्यंत’ म्हणून आले आणि माझ्या अभ्यासिकेत राहिले. माझं टेबल गॅरेजमध्ये गेलं, त्याच्या जागी त्यांचा पलंग आला. आता खोलीला सार्डिन माशांचा वास येतो. डबा उघडतात, बोटाने मासा उचलून बिस्किटावर ठेवतात आणि उरलेलं तेल डब्याला तोंड लावून पितात. मी डोळ्यांनी बघितलंय. शी!

काल जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला. तळ्याकाठी वृद्धांसाठी नवी वसाहत झाली आहे, त्यांचे पत्त्यांचे तिन्ही भिडू तिथे गेलेत. म्हणाले, जावईबापू, माझी पॅसिफिक विकायची वेळ आली. त्या पैशात मला तळ्याकडच्या खिडकीची खोली मिळेल. तुझ्या या खुराड्यात अजून किती दिवस काढू?

खुराडं म्हणे. पण मी गोड हसलो.

पॅसिफिक म्हणजे त्यांची १९५६ ची वॉर्डेल पॅसिफिक. क्रीम आणि पुदिना रंगाची. कंपनी बुडण्याआधी अशा दोनशे बाराच निघाल्या. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या नावावर केली. अट एकच. म्हणाले, मी म्हणेन तेव्हा विकायची आणि पैसे मला द्यायचे. गेल्या वर्षी अशीच एक सव्वा लाख डॉलरला गेली. म्हणजे त्यांना खिडकी, मला अभ्यासिका.

एक किरकोळ कागदी बाब आहे. ती उद्या लिहीन.

५ एप्रिल

कागदी बाब. फक्त माझ्या माहितीसाठी.

पाच वर्षांपूर्वी वादळात अक्रोडाची फांदी पॅसिफिकवर पडली. ती बाहेर उभी होती, कारण गॅरेजमध्ये माझी मासेमारीची होडी होती. होडी भिजून कशी चालेल? टप चेपला. बाकी गाडीला खरचटलंसुद्धा नव्हतं.

दुर्मिळ गाड्यांचा विमा वेगळा असतो, त्यात किंमत आधीच ठरवून घेतात. तो महाग पडतो. मी डोकं चालवून पॅसिफिक घरच्या पॉलिसीत ‘जुनी गाडी’ म्हणून घुसवली होती, किंमत नऊ हजार. दुरुस्तीचा अंदाज आला आठ हजार. विमावाला म्हणाला, मग आमच्या हिशेबी ही गाडी संपली. चेक घ्या. गाडी ठेवायची असेल तर चेक थोडा कमी होईल. मी चेकही घेतला आणि गाडीही ठेवली! इतका मुरलेला व्यवहार मी आयुष्यात केला नव्हता. चेकमधून बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आणलं. बायकोला, म्हणजे लॉर्नाला सांगितलं, ऑफिसचा बोनस. पलीकडच्या डेल हॅफ्नरने बिअरच्या तीन क्रेटवर टप सरळ करून दिला. ऑर्विल तेव्हा फ्लॉरिडात धाकट्या मुलीकडे होते. त्यांना कळवलं नाही. त्यांचं ब्लड प्रेशर बघायला नको?

एवढंच झालं की राज्याने गाडीचा जुना मालकी कागद जमा करून घेतला आणि नवा दिला. त्यावर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का. म्हणजे विम्याने भंगारात काढलेली. शिक्का दोन इंचांचा, गाडी सोळा फुटांची. ज्याला अक्कल आहे तो गाडीकडे बघेल.

१९ एप्रिल

काउंटीच्या कचेरीत गेलो. काउंटरवरची बाई च्युइंगगम चघळत होती आणि बोलताना ते जिभेवर दिसत होतं. मी सभ्यपणे म्हटलं, हा शिक्का चुकून राहिलाय, काढून द्या. म्हणाली, साहेब, हा चुकून पडत नाही आणि निघतही नाही. दुरुस्त केली असेल तर पावत्या दाखवून तपासणी करून घ्या, मग ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’ असा मिळेल. मी विचारलं, मग ‘सॅल्व्हेज’ जाईल ना? म्हणाली, आत्ता मी बोलले त्यात तुम्हाला तो शब्द ऐकू आला ना? रांगेतला एकजण फिसकन हसला.

सरकारी नोकर. दुसरं काय.

११ मे

तपासणी झाली. पावत्यांचा थोडा त्रास. डेलने कागदावर लिहून दिलं, ‘टप सरळ केला, मजुरी बिअर’. मी म्हटलं, अरे, काहीतरी धड लिही. म्हणाला, लोवेल, जे केलं तेच लिहिणार ना मी? या माणसाच्या नखात कायम ग्रीस असतं आणि त्याच हाताने तो सँडविच खातो.

पण नवा कागद आला. ‘रिबिल्ट’. नीट विचार केला तर ही बढतीच आहे. रिबिल्ट म्हणजे पुन्हा बांधलेली. १९५६ च्या कामगारांनी घाईत बांधली असेल, डेलने सावकाश बांधली.

२३ मे

रोवेनाला फोन केला. माझी चुलतबहीण, केंटकीत असते. योजना साधी होती. गाडी तिच्या नावावर तिकडे नोंदवायची, कोरा करकरीत कागद घ्यायचा, परत माझ्या नावावर. तिचं पंधरा मिनिटांचं काम. ती म्हणाली, लोवेल, तू मला तुरुंगात घालायला निघालास का? आणि संगणकात सगळ्या राज्यांचं एकत्र दिसतं, हे तुला कोणी सांगितलं नाही? मग फोन आपटला. दर नाताळला मी या बाईला हॅम पाठवतो. यंदा नाही.

१४ जून

मूल्यांकनाला मिस क्विगली आल्या. जुन्या गाड्यांच्या किमती ठरवण्यात ओहायोत त्यांचं नाव आहे. बाई गाडीखाली सरपटत गेल्या, लोहचुंबक लावून पाहिलं, अर्धा तास. मी कागदाचा विषय शेवटी काढला, सहज, लिंबूपाणी देता देता. त्यांनी पेला खाली ठेवला.

म्हणाल्या, जगात ही एकच गाडी असती तर कागदाकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं. पण दोनशे बारा निघाल्या, त्यातल्या साठेक अजून धावतात. स्वच्छ कागदाची मिळत असताना शिक्क्याची कोण घेईल? आणि घेणारा काय समजेल? चासी वाकली, पुरात बुडाली, जळली. काहीही.

मी म्हटलं, नुसती फांदी पडली होती हो! त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, मग काय प्रश्न आहे? फोटो द्या, विम्याचं अंदाजपत्रक द्या. नुसता टप चेपला होता हे दिसलं की मी नव्वद हजार लिहिते.

फोटो.

फोटो आणि अंदाजपत्रक मी त्याच वर्षी बार्बेक्यूत जाळले. ऑर्विलच्या हाती लागू नयेत म्हणून. मी सांगितलं, वादळात गेले. म्हणाल्या, तेच वादळ? मी हो म्हटलं. त्यांनी पंचावन्न हजार लिहिलं आणि लिंबूपाणी तसंच ठेवून गेल्या.

या बाईला भावना म्हणून नाहीत.

६ जुलै

ऑर्विलने खोली पसंत केली. अनामतीची मुदत ३१ ऑगस्ट. तिथून तळं दिसतं, बदकं दिसतात. आल्यापासून तेच चाललंय. जेवताना खिशातून खोलीचा नकाशा काढतात, त्यावर सार्डिनचं तेल सांडलंय. पलंग इकडे, खुर्ची खिडकीशी. लॉर्नाने पडद्याचं कापड आणलं. तिने विचारलं, लोवेल, गाडीचं सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सव्वा लाखाच्या खाली बोलू नकोस.

ती मला बिलगली. मी तिच्या खांद्यावरून कापडावरची किमतीची चिठ्ठी वाचत राहिलो. 

संकल्प: उद्या तिला सांगायचं.

७ जुलै

उन्हाळा फार आहे. सप्टेंबरात सांगू.

१८ ऑगस्ट, दुपारी

मिस क्विगली म्हणजे जग नव्हे. गाडी ऑनलाइन लिलावात टाकली, सात दिवसांची मुदत. वर्णन मी स्वतः लिहिलं. ‘एकाच कुटुंबाने जिवापाड जपलेली.’ शिक्क्याबद्दल: ‘जुना कारकुनी घोळ, गाडीशी संबंध नाही.’ भाषा म्हणजे भाषाच आहे माझी. किमान किंमत एक लाख दहा हजार ठेवली. पहिल्या तासात अकरा हजारांची बोली. सुरुवात आहे.

२० ऑगस्ट

त्या साइटवर खाली वाटेल त्याला लिहायची मुभा आहे. अशी घाण मी वाचलेली नाही. एकाने विचारलं, कोणता कारकून गाडी भंगारात काढतो? दुसरा म्हणतो, साहेब, टपाचा खड्डा बुजवायला पुट्टी किती किलो लावली? तिसऱ्याने नुसतं ‘हा हा’ लिहिलं आणि त्याला दोनशे लोकांनी पसंती दिली. बोली एकतीस हजार.

मी उत्तर दिलं की या गाडीला कधीच काही झालेलं नाही. विषय संपला.

२२ ऑगस्ट

डेल हॅफ्नरने लिहिलं. स्वतःच्या नावाने, फोटोसकट! माझी बाजू घ्यायला म्हणे. ‘मी लोवेलचा शेजारी. गाडी एकदम पक्की आहे. फक्त अक्रोडाची फांदी पडली होती, टप मीच सरळ केला. विम्याचे पैसे घेऊन त्याने गवताचं यंत्र आणलं. अजून छान चालतं.’

मला हे कळलं कसं? ऑर्विलने नाश्त्याच्या टेबलावर वाचून दाखवलं. लॉर्नाने त्यांना टॅबलेट दिलाय, अक्षरं मोठी करून. तोंडात मासा. पूर्ण वाचलं, अगदी शेजाऱ्याच्या नावासकट. मग तोंडातला घास गिळला आणि टॅबलेट उलटा ठेवला.

ते कधी ओरडतात याची मी वाट बघत होतो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, फांदी पडली तर त्यात तुझा काय दोष होता? मला एक फोन केला असतास. मीच म्हटलं असतं, टप नवा टाकू, पैसे मी देतो.

मी म्हटलं, तुमच्या ब्लड प्रेशरसाठी लपवलं. लॉर्ना म्हणाली, एक शब्द बोलू नकोस. मग म्हणाली, बोनस! आणि ती ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती, ती मी आजवर फक्त ताटातल्या झुरळाकडे जाताना पाहिली होती.

सगळा दोष डेलचा.

२५ ऑगस्ट

लिलाव संपला. शेवटची बोली बेचाळीस हजार. मी ठेवलेल्या किमतीला पोचली नाही म्हणून गाडी परत. मी म्हटलं, बेचाळीसला देऊन टाकू, खोलीची सोय तरी होईल. ऑर्विल म्हणाले, बेचाळीस हजारात खिडकी येत नाही, भिंत येते. भिंतीकडे बघत बसायला मला गाडी विकायची नाही.

२ सप्टेंबर

तळ्याकडची खोली दुसऱ्या कुणाला गेली. ऑर्विलने नकाशाची घडी घातली आणि केराच्या डब्यात टाकली. दिवसभर पलंगावर पडून होते. टीव्ही नाही, मासे नाहीत. घराला वास नव्हता.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. असं लिहायची मला सवय नाही, पण लिहितो. माणूस बिचारा फक्त बदकं बघायला निघाला होता.

१२ सप्टेंबर

लॉर्नाचे निर्णय. चर्चा नाही. घर तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं, त्यामुळे मला मत विचारलं गेलं नाही. एक, अभ्यासिका कायमची वडिलांची. दोन, तिची बागेकडची भिंत फोडून मोठी खिडकी बसवायची. तीन, त्यासाठी माझी होडी आणि गवताचं यंत्र विकायचं. यंत्र डेलने घेतलं. घासाघीस केली हरामखोराने. चार, गाडी पुन्हा ऑर्विलच्या नावावर. पाच, पत्त्यांचे तिन्ही भिडू दर गुरुवारी आपल्याकडे.

४ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी ३.१५

खिडकी बसली. आत चार म्हातारे पत्ते खेळतायत. चौघेही सार्डिन खातात. आज कळलं की एकाला त्यावर कच्चा कांदा लागतो. वास स्वयंपाकघरापर्यंत पोचलाय. गॅरेजमध्ये माझ्या टेबलावर त्यांचे कोट टाकलेत.

म्हणून हे पॅसिफिकमध्ये बसून लिहितोय. ती बाहेर उभी आहे, बरोबर खिडकीसमोर. ऑर्विलनेच तिथे लावायला सांगितली. म्हणाले, तळं नाही तर नाही, गाडी तरी दिसू दे. मघाशी काचेवर टकटक केलं. मला वाटलं आत बोलावतायत. हाताने खुणा करत होते. सरक, म्हणत होते, तुझ्या डोक्यामागे गाडी नीट दिसत नाही.

मी सीटवर खाली सरकून बसलोय. उद्या नऊ वाजता काउंटीच्या कचेरीत जाऊन हीसुद्धा त्यांच्या नावावर करायची. त्याच च्युइंगगमवाल्या बाईसमोर.